एकच सूर, दोन कॉर्ड

ब्लूजच्या सोलोला पाच सुरांचं पेंटॅटॉनिक स्केल पुरतं, मग थिअरी कशाला, असं अनेकांना वाटतं. ए पट्टीतला १२ बारांचा ब्लूज घ्या. ए मायनर पेंटॅटॉनिकमधला सी म्हणजे कोमल गंधार. ए-सेव्हन कॉर्डमध्ये मात्र सी शार्प, म्हणजे शुद्ध गंधार असतो. म्हणून तिथे सी घासतो आणि वादक तार किंचित ताणून तो वर चढवतो. पाचव्या बारला डी-सेव्हन आली की तोच सी त्या कॉर्डचा घटक होतो. न ताणता त्यावर थांबलं तरी शोभतं. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सला नोटेशन वाचता येत नव्हतं, हे खरं. पण नोटेशन ही लिपी आहे, थिअरी नव्हे. कुठे थांबायचं हे त्याच्या कानाला ठाऊक होतं. कान तितका तयार नसलेल्यांना थिअरी तीच जागा आधी दाखवते.