औषध देण्यापूर्वी वाचा, विचारा, मोजा

आपल्या वसई-विरार परिसरातील अनेक घरांतून आज मुली, आणि काही मुलेही, नर्सिंगच्या शिक्षणाकडे वळत आहेत ही समाधानाची बाब आहे. रुग्णसेवेत मायेचा हात जितका महत्त्वाचा, तितकेच औषधाचे ज्ञानही. विनयपिटकातील महावग्गात रुग्णसेवकाचे जे गुण सांगितले आहेत, त्यांत औषध तयार करता येणे व पथ्य-अपथ्य कळणे यांचा समावेश आहे.

प्रस्तुत लेखक बँकेत कारकून आहे. चेक पास करताना तारीख, नाव, अंकी व अक्षरी रक्कम आणि सही पाहिल्याशिवाय पुढे जायचे नाही, ही आमची रोजची शिस्त. परिचारिकेच्या कामातही अशीच शिस्त आहे. फरक एवढाच, की खात्यातली चुकीची नोंद दुसऱ्या दिवशी फिरवता येते. शरीरात गेलेले औषध परत घेता येत नाही.

३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात, कापसीकोपरी गावी, १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात स्वच्छ करण्याच्या सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात हलवावे लागले. सुदैवाने ती बचावली. घाईगर्दीत हातात आलेली बाटली न वाचता वापरली, तर किती मोठा अनर्थ ओढवू शकतो, हे यावरून ध्यानात यावे.

म्हणूनच नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना पाच गोष्टी आरंभीच शिकवतात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग व योग्य वेळ.

रुग्ण : आपल्या भागात एकाच वॉर्डात दोन पाटील, दोन कांबळे किंवा दोन डिसोजा असणे नवलाचे नाही. "तुम्ही पाटीलच ना?" असे विचारल्यास गुंगीतला रुग्ण नुसती मान हलवतो. त्याऐवजी "तुमचे पूर्ण नाव सांगा" असे म्हणावे आणि ते केस पेपरशी व मनगटावरील पट्टीशी ताडून पाहावे. नुसत्या खाटेच्या क्रमांकावर विसंबू नये. पूर्वी एखाद्या औषधाची ॲलर्जी झाली होती का, हेही याच वेळी विचारावे.

औषध : लेबल तीनदा वाचावे. कपाटातून काढताना, औषध मोजून घेताना आणि बाटली परत ठेवताना. मुदत संपल्याची तारीखही पाहावी. दुसऱ्याने भरून ठेवलेले, नाव न लिहिलेले इंजेक्शन कधीही देऊ नये.

मात्रा : सर्वाधिक गफलत येथेच संभवते. पॅरासिटामॉलचे पातळ औषध ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन्ही शक्तींचे मिळते. डॉक्टरांनी २०० मिलिग्रॅम सांगितले असेल, तर पहिल्या बाटलीतून ८ मिलिलिटर व दुसरीतून ४ मिलिलिटर द्यावे लागेल. हिशेब सोपा आहे: हवी असलेली मात्रा भागिले बाटलीवरील मात्रा, गुणिले ५.

इन्सुलिनबाबत तर डोळ्यांत तेल घालून पाहावे. आपल्याकडे १ मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही शक्तींचे इन्सुलिन मिळते. ४० साठी लाल टोपीची सिरिंज, तर १०० साठी नारिंगी. १०० चे इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर रुग्णाला २० नव्हे, ५० युनिट जातील. त्याची साखर एकदम खाली येऊन जीव धोक्यात येईल.

लिहितानाही काळजी हवी. '५.०' मधला बिंदू पुसट झाला की ते ५० दिसते. म्हणून नुसते '५' लिहावे. मात्र '.५' न लिहिता '०.५' लिहावे.

मार्ग : तोंडाने, स्नायूत की शिरेतून, हे आदेशात स्पष्ट हवे. पोटॅशियम क्लोराइड पातळ करून सावकाश द्यायचे औषध आहे. ते थेट शिरेत ढकलल्यास हृदय बंद पडू शकते.

वेळ आणि नोंद : औषध ठरल्या वेळी द्यावे आणि दिल्यानंतरच लिहावे. आधी नोंद करून मग देण्याचे राहून गेले, तर पुढच्या पाळीची सिस्टर फसते. नोंद राहिली, तर रुग्णाला तोच डोस दुसऱ्यांदा मिळू शकतो.

अक्षर लागत नसेल, मात्रा अधिक वाटत असेल किंवा तोंडी आदेश नीट ऐकू आला नसेल, तर अंदाज करू नये. वरिष्ठ सिस्टरांना वा डॉक्टरांना विचारावे आणि ऐकलेला आदेश त्यांना पुन्हा म्हणून दाखवावा. शिकाऊ विद्यार्थिनीने विचारले म्हणून कोणाचा कमीपणा होत नाही. रुग्णाने "रोजची गोळी तर पांढरी असते" असे म्हटले, तर त्याला गप्प न करता आपण थांबावे. पुष्कळदा त्याचेच बरोबर असते.

एवढे करूनही चूक झालीच, तर ती लपवू नये. तात्काळ सांगितल्यास उपचारास वेळ मिळतो. वरिष्ठांनीही आधी रुग्णाकडे पाहावे. दटावण्याच्या धाकाने चुका झाकल्या जातात व पुन्हा घडतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर हानी ५ वर्षांत निम्म्यावर आणण्याचे आवाहन जगभर केले. त्याची सुरुवात वॉर्डातल्या औषधाच्या ट्रेपासूनच करावी लागते.

आपल्या मुलींनी पदविका घ्यावी, पदवी घ्यावी, मोठ्या रुग्णालयांत मानाने काम करावे. पहिल्या दिवशी जितक्या काळजीने लेबल वाचले, तितक्याच काळजीने विसाव्या वर्षीही वाचावे, एवढेच सांगणे आहे.