ऑकलंडचा उकाडा आणि रात्रीची झोप

न्यूझीलंड म्हणजे हिमशिखरांचा, मेंढ्यांचा आणि लोकरीचा देश, तेथे उकाड्याने झोप उडते हे म्हणणे म्हणजे निव्वळ थट्टा, अशी समजूत आपल्याकडील आप्तमंडळींत इतकी रूढ आहे की, ऑकलंडला स्थायिक झालेल्या भाच्याने फेब्रुवारीत दूरध्वनीवर तक्रार केलीच, तर "मे महिन्यात नागपूरला ये, मग बोल" एवढेच मामांचे उत्तर त्याच्या वाट्यास येते. तक्रार मात्र खरी असते. वाइटेमाटा आणि मानुकाऊ या दोन बंदरांच्या मधील अरुंद पट्टीवर वसलेल्या त्या शहरात उन्हाळ्यातही पारा पंचविशीच्या फार पलीकडे जात नाही. परंतु उत्तरेकडील उष्णकटिबंधीय समुद्रावरून दमट हवा आली म्हणजे अंगावरचा घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की देहाची उष्णता बाहेर पडण्याची मुख्य वाटच अडते. जानेवारी २०१८ मध्ये टास्मन समुद्राचे पाणी असाधारण तापले होते, २०.३ अंशांच्या राष्ट्रीय सरासरीचा तो महिना तोवरच्या नोंदींत सर्वांत उष्ण ठरला.

दुसरी समजूत कायद्याविषयीची. भाड्याच्या घरांसंबंधी तेथील सरकारने २०१९ साली जे नियम जारी केले, त्यांमुळे घर सर्व ऋतूंत सुखावह असणे घरमालकास बंधनकारक झाले, असे अनेक भाडेकरू धरून चालतात. वस्तुतः त्या नियमांचा रोख थंडी आणि ओल यांवर आहे: मुख्य दिवाणखाना १८ अंशांपर्यंत तापवू शकेल असे कायम बसवलेले साधन हवे, आणि उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्र त्या-त्या खोलीच्या जमिनीच्या निदान पाच टक्के हवे. खोली किती तापल्यास अति झाले, याविषयी त्यांत अवाक्षर नाही. परिणामी ज्यास तेथे 'हीट पंप' म्हणतात, आणि जे बटण फिरवताच थंडावाही देते, ते यंत्र दिवाणखान्यात असते आणि शयनगृह उघडे पडते. तेथे छताला पंख्याची कडीदेखील सहसा आढळत नाही.

आता सर्वांत दृढ असा गैरसमज घेऊ, कारण तो आपण देशावरून बरोबर नेलेला आहे. दिवसा खिडक्या-दारे बंद ठेवून अंधार करावा आणि संध्याकाळी उघडावीत, हा आपल्याकडील शिरस्ता एप्रिलच्या पुण्यात अगदी शास्त्रशुद्ध आहे, कारण बाहेरची हवा ३८ अंशांवर आणि दगडी भिंतींच्या आतली त्याहून पुष्कळ कमी असते. ऑकलंडला प्रकार उलटा. बाहेरची हवा २४ अंश असताना लाकडी सांगाड्याचे, मोठमोठ्या काचांचे घर आत २९ अंशांवर जाते, कारण काचेतून आलेले ऊन जमिनीत आणि सामानसुमानात मुरते, आणि त्यांतून उलट बाहेर पडणारी उष्णता काच सहजासहजी बाहेर सोडत नाही. अशा घरात दिवसा खिडक्या बंद ठेवणे म्हणजे भट्टीचे तोंड लिंपणे होय. पडदा जरूर ओढावा, खिडकी मात्र उघडी असू द्यावी. आणि शक्य तर ती सावली काचेच्या बाहेरून करावी, कारण आतील पडद्यापर्यंत पोहोचलेले ऊन घरात आलेलेच असते.

दिशेचा घोळ यातच येतो. दक्षिण गोलार्धात मध्यान्हीचा सूर्य उत्तरेस असतो, म्हणून उत्तरेची खोली तापेल असे आपण ताडतो. पण उन्हाळ्यात तो इतका उंच असतो की छपराची वळचण त्यास बव्हंशी अडवते. खरा शत्रू पश्चिमेची खिडकी. डिसेंबरअखेर ऑकलंडचा सूर्यास्त घड्याळात रात्री पावणेनऊच्या सुमारास होतो, आणि तोवर कलते ऊन थेट बिछान्यावर असते. नव्या दुमजली चाळवजा घरांत निजायच्या खोल्या वर, खालची ऊब जिन्यातून वर, आणि जमिनीलगतच्या चौकटीची वरची खिडकी मुलांच्या सुरक्षिततेसाठी दहा सेंटीमीटरच उघडेल अशी जखडलेली. सूर्य मावळताच खालची एक आणि वरची एक खिडकी मिळून उघडली, तर तोच जिना धुराड्याचे काम करून गरम हवा बाहेर काढतो.

छपराखालच्या उष्णतारोधक थरामुळे घर उन्हाळ्यात अधिक तापते, हा आक्षेपही ऐकू येतो. १९७८ पूर्वी तो थर तेथे सक्तीचा नव्हता, आणि तशा जुन्या घरांत पत्र्याची धग सरळ खोलीत उतरते. थर धग अडवतो. मात्र काचेतून आलेले ऊनही तो आत राखतो, म्हणून दोष काचेचा.

उपायांकडे वळताना प्रथम आपल्या वाळ्याच्या कूलरला निरोप द्यावा लागतो. विदर्भातील कोरड्या हवेत तो राजा. ऑकलंडच्या दमट रात्री तो ओलावाच वाढवतो. (कँटरबरीच्या कोरड्या वायव्य वाऱ्यात, ज्यात रंगिओरा येथे ७ फेब्रुवारी १९७३ रोजी ४२.४ अंशांची नोंद झाली, त्याची मातब्बरी चालली असती.) पंख्यापुढे बर्फाचे पातेले ठेवण्याची युक्तीही हिशेबात टिकत नाही: एक किलो बर्फ वितळताना जेमतेम ०.०९ युनिट उष्णता शोषतो, म्हणजे निजलेला एक मनुष्य सव्वा तासात जेवढी बाहेर टाकतो तेवढीच; आणि तो बर्फ गोठवताना फ्रीजने त्याहून अधिक उष्णता घरातच ओतलेली असते. हवेतील पाणी काढणारे यंत्र निजल्यावर चालू ठेवणारे तर फसतातच, कारण लिटरभर पाणी द्रवरूप होताना सुमारे ०.६८ युनिट उष्णता सुटते, आणि यंत्राची वीज वेगळी.

साधा पंखा हवा थंड करीत नाही, म्हणून रिकाम्या खोलीत तो फिरवणे व्यर्थ; पण त्वचेहून दहा अंश थंड हवा अंगावरून वाहती ठेवण्याचे काम तो उत्तम करतो. संध्याकाळी त्याचे तोंड खिडकीबाहेर वळवून समोरची खिडकी उघडली, तर खोलीतील कोंडलेली ऊब तो ढकलून देतो. जाळी बहुतेक घरांना नसते, तेव्हा मच्छरदाणी बरोबर न्यावी. निजताना गार पाण्याने स्नान करावे, हेही सर्वस्वी खरे नव्हे: अतिगार पाण्याने त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात, उलट निजण्यापूर्वी तास-दोन तास ऊन पाण्याने केलेल्या स्नानाने हातापायांकडे रक्त वळते, देहाचे आंतरिक तापमान उतरते आणि झोप लवकर लागते.

तेथे घर भाड्याने घेऊ पाहणाऱ्याने करारनाम्यावर सही करण्यापूर्वी उन्हाळी संध्याकाळी सातच्या सुमारास एकदा शयनगृहात उभे राहावे, खिडकी कोणत्या दिशेस आहे आणि किती उघडते हे पाहावे, आणि बाहेरून सावली बांधण्याची परवानगी त्याच वेळी लेखी मागून घ्यावी. थंडीविषयीचा मजकूर करारात आपोआप येतो, हा येत नाही.