मर्जीचा रकाना

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतले प्रकरण उघडकीस आले आणि ‘शाळेतल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलिस पडताळणी झालीच पाहिजे’ हे वाक्य सर्वांच्या तोंडी आले. मागणी रास्तच आहे. पण पडताळायचे नेमके काय? शिक्षा झालेली असेल तर गोष्ट सोपी. नुसती तक्रार असेल, खटला चालून माणूस सुटला असेल, तर? इंग्लंडमधल्या न्यायालयांपुढे हा प्रश्न वीस वर्षांहून अधिक काळ येतो आहे. तिथली निकालपत्रे कोणालाही वाचता येतात. ती वाचताना जे हाती आले, ते इथे मांडतो.

इंग्लंडमध्ये मुलांमध्ये काम करणाऱ्याला चारित्र्याचा विस्तारित दाखला लागतो. १९९७ च्या पोलिस कायद्याने त्याची तरतूद केली. गुन्ह्यांच्या नोंदींखेरीज त्यात आणखी एक रकाना असतो. मुख्य पोलिस अधिकाऱ्याला जी माहिती संबंधित वाटेल, ती त्यात लिहिता येते. माहिती शाबीत झालेली असावी, अशी अट नाही. हे अन्यायाचे वाटेल, पण त्यामागे सोहॅम आहे. ऑगस्ट २००२ मध्ये त्या गावात दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी इयन हंटली गावातल्याच एका शाळेत केअरटेकर होता. त्याच्याविरुद्ध पूर्वी दुसऱ्या भागात लैंगिक गुन्ह्यांच्या अनेक तक्रारी झाल्या होत्या, पण एकीतही शिक्षा झाली नव्हती. फक्त शिक्षा पाहणाऱ्या पडताळणीत हा माणूस सापडलाच नसता. २००४ च्या बिचर्ड अहवालात पोलिसांच्या नोंदी ठेवण्यातल्या ढिलाईची सविस्तर झडती आहे.

त्याच वर्षी एका समाजकार्यकर्त्याचे प्रकरण अपील न्यायालयात आले. निकालपत्रात त्याचे नाव फक्त ‘एक्स’. अश्लील वर्तनाच्या आरोपात तक्रारदार स्त्रीला त्याची ओळख पटवता आली नव्हती आणि खटला बारगळला होता. तरीही दाखल्यात ती हकीकत आली. न्यायालयाने पोलिसांची बाजू उचलून धरली. माहिती देणे हाच नियम, न देण्याला सबळ कारण हवे, असा कल त्या निकालाने दिला. पुढची पाच वर्षे पोलिस ठाण्यांनी तोच धरून ठेवला.

मला सर्वांत अस्वस्थ करणारे प्रकरण ‘एल’ या बाईचे आहे. ती शाळेत मधल्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायची. जेवणाची खोली आणि मैदान, एवढेच तिचे कार्यक्षेत्र. तिच्या नावावर एकही गुन्हा नव्हता. पण तिच्या स्वतःच्या मुलाचे नाव एकेकाळी बालसंरक्षणाच्या नोंदवहीत चढले होते. आईने त्याच्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही आणि सरकारी समाजकार्यकर्त्यांना सहकार्य केले नाही, असा ठपका तिच्यावर होता. हे दाखल्यात छापले गेले आणि तिचे काम सुटले. ऑक्टोबर २००९ मध्ये, म्हणजे नवे सर्वोच्च न्यायालय सुरू झाले त्याच महिन्यात, तिचा निकाल लागला. न्यायालयाने ‘एक्स’ निकालाचा कल चुकीचा ठरवला. मुलांची सुरक्षितता आणि अर्जदाराचे खासगी आयुष्य यांतल्या कुणालाही आधीच वरचे पान वाढायचे नाही. शंका असेल तर छापण्याआधी त्या माणसाचे म्हणणे ऐकायचे. तत्त्व जिंकले, बाई हरली. तिच्याबाबतची माहिती कामाशी संबंधितच होती, असे म्हणून अपील फेटाळले.

पोरवयातल्या किंवा किरकोळ चोऱ्यांची प्रकरणे तुलनेने लवकर मार्गी लागली. अकराव्या वर्षी सायकली चोरल्याबद्दल मिळालेल्या समजा एका मुलाला पुढे नोकरीच्या आणि कॉलेजच्या वेळी भोवल्या; २०१४ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. पुढे नियमही सैल झाले.

खरी गाठ २०१८ च्या ‘एआर’ खटल्यात दिसते. हा शिक्षकाची पात्रता असलेला टॅक्सीचालक. बलात्काराच्या आरोपातून ज्यूरीने त्याला २०११ मध्ये निर्दोष सोडले. त्याने अध्यापकाच्या जागेसाठी अर्ज केला, तेव्हा दाखल्यात आरोप आला आणि सुटकाही आली. सर्वोच्च न्यायालयाने हे छापणे वैध ठरवले. पण निकालाच्या शेवटी न्या. कार्नवाथ यांनी एक टिपण जोडले, आणि ते मी पुन्हा पुन्हा वाचले. पोलिस खरेखोटे सांगत नसले, तरी ज्या अर्थी हे छापले आहे, त्या अर्थी काहीतरी असणार, असेच वाचणाऱ्याला वाटेल. आणि असा दाखला हाती आल्यावर मालक काय करतात, याची न्यायालयापुढे फारशी माहितीच नव्हती.

इथे ही व्यवस्था हातातून निसटते. पोलिस फक्त माहिती देतात. मुख्याध्यापक फक्त दुसऱ्या उमेदवाराला निवडतात. नकार कुणीच दिलेला नसतो, मग आव्हान द्यायचे कुणाला? म्हणून हे सगळे खटले छापलेल्या ओळींवर लढले गेले.

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात उलट रीत आहे. तिथे परवानगी बालकांसाठीचे एक सरकारी कार्यालय देते, ती पाच वर्षे चालते, आणि नाकारली तर तो लेखी निर्णय असतो. त्यावर स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे जाता येई. धोका केवळ कल्पनेतला नव्हे, प्रत्यक्ष असला पाहिजे, अशी कसोटी तिथल्या न्यायालयांनी लावली. मला ही रीत जास्त सरळ वाटते. निदान नकाराला मालक आहे. मात्र २०२५ मध्ये पाळणाघरांतल्या अत्याचारांच्या आरोपांनी तो देश हादरला आणि राज्य सरकारने जाहीर केले, की ही अपिले न्यायाधिकरणाकडून काढून घेतली जातील. फेरविचार यापुढे नकार देणाऱ्या कार्यालयातच होईल.