संगणकसाहाय्यित परकीय भाषा अध्ययन आणि इलेक्ट्रॉनिक शब्दकोश : जपानी भाषेच्या विशेष संदर्भात

बीजसंज्ञा : इलेक्ट्रॉनिक शब्दकोश, संगणकसाहाय्यित अध्ययन, जपानी भाषा, शब्दसंपादन

प्रस्तावना :
परकीय भाषा शिकणाऱ्यास शब्दकोशाची गरज पावलोपावली भासते. इलेक्ट्रॉनिक कोश अर्थ क्षणार्धात देतो. परंतु चटकन सापडलेला शब्द तितक्याच चटकन विसरला जातो. म्हणून कोश हा अध्ययनप्रणालीचे अंग कसा बनू शकेल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. पुण्यात जपानी भाषेचे अध्यापन अनेक दशके होत असल्याने मराठी विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

१. मूळ रूपाचा शोध :
जपानी लेखनात सामान्यतः दोन शब्दांमध्ये जागा सोडली जात नाही. शिवाय वाक्यात 'ताबेनाकात्ता' (खाल्ले नाही) असे रूप येते, तर कोशात 'ताबेरु' (खाणे) अशी नोंद असते. त्यामुळे पाठातील शब्द निवडताच प्रणालीने पदविच्छेद करून मूळ क्रियापद दाखवावे व नंतर अर्थ द्यावा. नुसता अर्थ दिल्यास वाक्य कळते, पण ते रूप कसे सिद्ध झाले हे कळत नाही.

२. संदर्भानुसार अर्थनिश्चिती :
'किते' हे रूप 'कुरु' (येणे) व 'किरु' (अंगात घालणे) या दोन्ही क्रियापदांचे असते. कांजी चिन्हांत त्यांचा भेद दिसतो, ध्वनिलिपीत दिसत नाही. 'हाशि' म्हणजे पूल की जेवणाच्या काड्या, हे टोकियोच्या बोलीत स्वराच्या चढउतारावरून ओळखले जाते. म्हणून नोंदीसोबत उच्चाराचे ध्वनिमुद्रण आणि पाठातील वाक्य ही दोन्ही असणे आवश्यक ठरते.

३. अर्थभाषेचा प्रश्न :
ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाचे जिम ब्रीन यांनी १९९१ मध्ये 'ईडिक्ट' हा जपानी-इंग्रजी कोश सुरू केला. त्यातून विकसित झालेल्या 'जेएमडिक्ट'वर आज अनेक अध्ययनसाधने आधारलेली आहेत. त्यात इंग्रजीखेरीज जर्मन, फ्रेंच, रशियन आदी भाषांतील अर्थ आहेत. मराठी अर्थ नाहीत. परिणामी मराठी विद्यार्थी इंग्रजीच्या मार्गाने जपानीकडे जातो. वस्तुतः कर्ता-कर्म-क्रियापद हा क्रम दोन्ही भाषांत समान आहे. 'गाक्को नि इकु' (शाळेला जाणे) यातील 'नि'ची संगती मराठी 'ला'शी सहज लागते. 'इराश्शारु' हे येणे, जाणे व असणे या तिन्हींसाठी आदरार्थी क्रियापद आहे. 'आपण आलात' अशा मराठी उदाहरणाने त्यातील आदर तत्काळ स्पष्ट होतो.

४. शोधापासून सरावाकडे :
लाऊफर व हिल यांनी २००० साली इस्राएल व हाँगकाँग येथील विद्यार्थ्यांचा संगणकीय कोशवापर अभ्यासला. विद्यार्थी निरनिराळ्या प्रकारची माहिती निवडतात आणि विविध माहिती पाहणे स्मरणास पोषक ठरते, असे त्यातून सूचित झाले. यास्तव पाहिलेला प्रत्येक शब्द मूळ वाक्यासह नोंदवून वाढत्या अंतराने पुन्हा विचारला जावा. २००६ मध्ये आलेली 'आंकी' ही आज्ञावली याच तत्त्वावर चालते. जपानीत 'आंकी' म्हणजे पाठांतर. वर्गात वारंवार शोधल्या जाणाऱ्या शब्दांची यादी शिक्षकास मिळाल्यास पुढील तासाचे नियोजनही नेमके होईल.

निष्कर्ष :
कोशाचा वेग हा साधनाचा गुण आहे. त्याने अध्ययन घडतेच असे नाही. रूपविश्लेषण, संदर्भ, उच्चार आणि सराव यांच्याशी कोश जोडला गेला तरच शब्द विद्यार्थ्याचा होतो. मराठी विद्यार्थ्यांसाठी पहिली पायरी म्हणून पाठ्यपुस्तकातील शब्दांपुरता जपानी-मराठी कोश भाषाविभागांनी सिद्ध करणे अगत्याचे आहे.