चर्नी रोड ते महालक्ष्मी

मे महिन्यात गावाहून पाहुणे आले की मुंबईतल्या कितीतरी घरांत एक दिवस आधीच ठरलेला असे. सकाळी पोळीभाजीचे डबे, पाण्याच्या बाटल्या आणि चिवड्याचा पुडा पिशवीत भरायचा, चर्नी रोडला उतरायचं, समुद्राच्या बाजूला यायचं आणि तारापोरवाला मत्स्यालयाच्या तिकीटखिडकीसमोर रांग धरायची. दुपारी पुन्हा चर्नी रोडहून स्लो लोकल. ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल आणि तिसरं महालक्ष्मी. तिथून वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रापर्यंत मोठी माणसं चालत, धाकटी कडेवर. सोमवारी मत्स्यालय बंद असे, हे ज्याला माहीत नसे, तो एकदा तरी बंद दारावरून परत फिरे आणि मग जन्मभर ते विसरत नसे.

या दोन ठिकाणांमधलं अंतर लोकलच्या हिशेबात तीन स्टेशनांचं. वर्षांच्या हिशेबात मात्र ते चौतीस भरतं. मत्स्यालय उघडलं १९५१ मध्ये, विज्ञान केंद्र पूर्ण होऊन उघडलं १९८५ मध्ये. पहिल्या ठिकाणी काचेपासून दूर उभं राहून बघायचं, दुसऱ्या ठिकाणी हात लावल्याशिवाय काही घडतच नाही. मुंबईच्या तीन पिढ्यांनी एकाच सहलीत हे दोन्ही धडे घेतले. म्हणूनच आज त्या सहलीचा पहिला अर्धा भाग गळून पडला आहे, याची हळहळ वाटते.

तारापोरवाला मत्स्यालयाचं उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झालं. बांधकामाचा खर्च ८ लाख रुपये. त्यातले २ लाख तारापोरवाला या पारशी दानशुराने दिले आणि त्यांचंच नाव वास्तूला मिळालं. कारभार राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याकडे होता. स्वातंत्र्याला जेमतेम चार वर्षं झालेली, आणि एका शहराने मरीन ड्राइव्हसारख्या मोक्याच्या जागी माशांसाठी घर बांधलं. मुंबईत मासा घरोघरी शिजत होताच. तो जिवंत, पोहताना, डोळ्यांच्या पातळीवर बघायला मिळणं ही गोष्ट नवीन होती.

आत शिरलं की बाहेरचं ऊन एकदम मागे पडे. अंधारलेली वाट आणि दोन्ही बाजूंना उजळलेल्या टाक्या. मुलं काचेला नाक लावत आणि तिथे ओला गोल उमटे. या अंधारात जाणकार असायची ती आजी. मालवणहून, रत्नागिरीहून, अलिबागहून आलेली. वरळीत पुढे जे काही असे त्यातलं तिला फारसं ओळखीचं नसे, पण इथे ती टाकीसमोर उभी राहून सांगत सुटे: हे पाकट, याच्या शेपटीला काटा असतो, वाळूत पाय पडला तर माणूस तळमळतो. ही वाम, जाळ्यात आली तर हाताला वेढे घालते. ही तांबोशी, ही मुशी. कोणता मासा कोणत्या महिन्यात किनाऱ्याजवळ येतो, कोणाच्या पोटात कधी गाभोळी असते, कोणता खडकात राहतो आणि कोणता चिखलात, हे सगळं तिला पाठ असे, कारण ते तिने बाजारात, खाडीवर आणि विळीवर शिकलेलं असे. नातवंडं पाटी वाचत आणि आजी मासा वाचत असे. शाळेत न गेलेल्या बाईचं प्राणिशास्त्र तिच्याच घरच्यांसमोर असं उघडं व्हावं, अशी जागा मुंबईत दुसरी नव्हती.

काचेच्या पलीकडे आणखी एक काम चाललेलं असे, ते पाहुण्यांना दिसत नसे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पावसाळ्यात नद्या-नाल्यांचं गोडं पाणी मिसळून किनाऱ्याजवळचा खारेपणा उतरतो आणि गाळही वाढतो. म्हणजे समुद्र समोर असला तरी बारा महिने पाणी नुसतं भरून घेतलं आणि टाकीत सोडलं, असं करून भागत नाही. ते निवळावं लागतं, गाळावं लागतं. शिवाय मासे त्याच पाण्यात श्वास घेतात आणि त्याच पाण्यात अमोनिया सोडतात. तो साचला तर दोन दिवसांत टाकी रिकामी होईल. त्याचा बंदोबस्त करतात ते गाळणीच्या वाळूवर वाढणारे जिवाणू. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नवी टाकी लावली की हे जिवाणू जमेपर्यंत काही आठवडे थांबावं लागतं, घाई करणाऱ्याचे मासे मरतात. घरी हौसेने छोटी टाकी आणणाऱ्या मुंबईकरांपैकी बहुतेकांनी हा धडा एखादा गोल्डफिश गमावून घेतला आहे.

काचेचीही गंमत होती. पाण्यातून काचेकडे येणारा प्रकाश हवेत शिरताना वळतो. त्यामुळे सपाट काचेतून पाहताना मासा असतो त्याच्या पाऊण अंतरावर भासतो आणि म्हणून मोठाही. मत्स्यालयातून बाहेर पडणारं प्रत्येक पोर हाताने दाखवायचं, केवढा होता! त्या मापात थोडा वाटा पाण्याचाही असे. हे असं का होतं, ते समजायला गाडी पकडून वरळीला जावं लागे.

विज्ञान केंद्र एका दिवसात उभं राहिलेलं नाही. कोलकात्यात बिर्ला औद्योगिक आणि तांत्रिक संग्रहालय १९५९ मध्ये सुरू झालं होतं, त्यानंतर बेंगळुरूला विश्वेश्वरय्या संग्रहालय झालं. मुंबईत पश्चिम भारतासाठी असंच मोठं संग्रहालय व्हायचं होतं. पण दरम्यान संग्रहालय म्हणजे काय याचीच कल्पना जगभर बदलत होती. १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत फ्रँक ओपेनहायमर या भौतिकशास्त्रज्ञाने एक्स्प्लोरेटोरियम उघडलं आणि तिथे यंत्रं कपाटात न ठेवता लोकांच्या हाती दिली. वरळीच्या आराखड्यानेही तीच दिशा धरली. आधी १९७७ मध्ये ‘प्रकाश आणि दृष्टी’ या विषयाचं दालन उघडलं. १९७९ हे आंतरराष्ट्रीय बालक वर्ष होतं. त्या वर्षी मोकळ्या मैदानात मुलांसाठी विज्ञान उद्यान सुरू झालं आणि जगातलं या प्रकारचं पहिलं उद्यान म्हणून ते ओळखलं जातं. ११ नोव्हेंबर १९८५ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांनी पूर्ण केंद्राचं उद्घाटन केलं.

इमारतीचे वास्तुशिल्पी अच्युत कानविंदे. जन्म १९१६, सिंधुदुर्गातल्या आचऱ्याचा. जे. जे. मध्ये शिकून ते हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियस यांच्याकडे गेले आणि परत येऊन स्वतंत्र भारतातल्या कितीतरी विज्ञान आणि शिक्षण संस्थांना त्यांनी आकार दिला. कोकणातल्या समुद्रकाठच्या गावातला मुलगा, आणि मुंबईतल्या मुलांना विज्ञान हाताळायला मिळतं ती वास्तू त्याची. कोकणातून येणाऱ्या पाहुण्यांना हे कुणीतरी आवर्जून सांगायला हवं होतं.

सुमारे आठ एकरांच्या त्या आवारात पाहुण्यांचा पहिला थांबा बहुधा बाहेरच असे. वाफेचं इंजिन, ट्रामचा डबा आणि एचएफ-२४ मारुत हे भारतात बनलेलं लढाऊ विमान. ज्यांनी मुंबईची ट्राम १९६४ मध्ये बंद होण्याआधी पाहिली होती, ते आजोबा डब्यापाशी रेंगाळत. मुलांचा जीव विमानात.

पण खरी गर्दी ज्यात जमे ती साधी साधनं असत. मोठ्या मैदानाच्या दोन टोकांना समोरासमोर उभ्या केलेल्या दोन खोलगट थाळ्या घ्या. एका थाळीपाशी बहीण उभी, दुसरीपाशी भाऊ, मध्ये शाळांच्या सहलीचा कल्ला. ती थाळीकडे तोंड करून, ठरलेल्या एका जागी ओठ नेऊन हळूच त्याचं नाव घेते, आणि तो दचकून मागे बघतो. मागे कुणी नसतं. तिच्या तोंडून निघालेला आवाज एरवी चहूकडे पांगून विरला असता. थाळीचा बाक असा ठेवलेला असतो, की त्या एका बिंदूपाशी निघालेला आवाज थाळीवर आपटून समांतर रेषांत समोर जातो. समोरची थाळी तो पुन्हा एका बिंदूवर गोळा करते. कान तिथून वीतभर हलवला की शब्द हरवतात. हे मुलांना कुणी शिकवत नाही. डोकं मागेपुढे करत ती स्वतःच ती जागा शोधून काढतात, आणि सापडली की ओरडतात. पुढे नववी-दहावीत अंतर्वक्र आरसा आणि त्याची नाभी शिकताना, वर्गातल्या ज्या मुलाने तो बिंदू कानाने शोधलेला असतो, त्याला आकृती वेगळी दिसते.

आणि मग प्रकाशाची साधनं. पाण्यात वाकलेली दिसणारी काठी, भिंगं, आरशांच्या भुलभुलैयात हरवलेले बाबा. सकाळच्या माशाचं कोडं इथे सुटायचं, निदान एखाद्या चौकस मुलाचं तरी. सहलीचा क्रम कुणी मुद्दाम आखलेला नव्हता, पण आधी मत्स्यालय आणि मग विज्ञान केंद्र हा क्रम बरोबर होता. आधी मोठा दिसलेला मासा, मग तो मोठा का दिसला त्याचं कारण. उलट्या क्रमाने केलेल्या सहलीत ही मजा नाही.

वरळीचं केंद्र हे राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेचं पश्चिम भारतातलं मुख्यालय. ही परिषद १९७८ ची. पुढे नागपूरला १९९२ मध्ये रामन विज्ञान केंद्र झालं, गोव्यात २००१ मध्ये मिरामारला. या मिरामारच्या केंद्राचा हेवा वाटावा, कारण तिथे लंबक बघून झाला की चार पावलांवर समुद्र आहे. पुण्यात आयुकाच्या आवारात ‘पुलस्त्य’ या वास्तूत मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली. अरविंद गुप्ता यांनी तिथे काड्यापेट्या, सायकलच्या नळ्या, वर्तमानपत्रं आणि फेकून दिलेल्या बाटल्यांतून खेळणी करून दाखवली आणि विज्ञानाला महागडं यंत्र लागतं हा समज मोडून काढला. रत्नागिरीला झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रात देवमाशाचा अवाढव्य सांगाडा आहे. त्याच्या फासळ्यांपाशी उभं राहिलं की हाताने माप दाखवायची सोयच उरत नाही. म्हणजे विज्ञान जवळून बघायच्या अशा जागा महाराष्ट्रभर आणि गोव्यापर्यंत आहेत.

मत्स्यालयाचं नशीब वेगळं निघालं. २०१३ मध्ये नूतनीकरणासाठी ते बंद झालं आणि मार्च २०१५ मध्ये नवं रूप घेऊन उघडलं. बारा फूट लांबीचा अ‍ॅक्रिलिकचा बोगदा आला. डोक्यावरून मासे जाताना बघायला मुलं मान वर करून उभीच राहत आणि मागची रांग खोळंबे. एक छोटा हौद असाही आला, की ज्यातल्या निरुपद्रवी जिवांना हात लावता येई. साठ-बासष्ट वर्षं ‘लांबूनच बघा’ सांगणाऱ्या जागेने वरळीकडून इतकं शिकावं, हे फार चांगलं झालं होतं. ते पुरतं पाच वर्षं टिकलं. मार्च २०२० मध्ये करोनामुळे दारं बंद झाली, त्यानंतर इमारत धोकादायक ठरली आणि प्रेक्षकांसाठी ती पुन्हा उघडली नाही. नव्या मत्स्यालयाच्या घोषणा अधूनमधून होत राहिल्या.

दरम्यान भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१६ मध्ये हम्बोल्ट पेंग्विन आले आणि पुढच्या वर्षी लोकांना पाहायला मिळाले. रांगा लागल्या, मुलं खूश झाली. यात वावगं काही नाही. पण पेंग्विनपुढे आजीकडे सांगण्यासारखं काही नसतं. तो पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचा पक्षी, त्याच्यासाठी नातू आणि आजी दोघंही सारखेच नवखे. पाकट, वाम, मुशी यांच्या टाकीपुढे घरातलं सर्वांत म्हातारं माणूस सर्वांत जाणतं ठरत असे, ते तिथे होत नाही. नवं मत्स्यालय जेव्हा केव्हा बांधलं जाईल, तेव्हा त्यात जगभरातले रंगीत मासे जरूर असावेत. पण पहिली टाकी अरबी समुद्राची असावी, प्रत्येक माशाखाली शास्त्रीय नावाच्या वर त्याचं कोळी आणि मालवणी नाव ठळक असावं, आणि तो कोणत्या जाळ्यात, कोणत्या महिन्यात येतो हेही. २०२३ मध्ये राज्याने पापलेटला राज्यमासा जाहीर केलं आहे. मग त्याच्यामागचा समुद्र मुलांना कुठेतरी दिसायला नको?

तोवर पाहुण्यांना घेऊन लोक थेट महालक्ष्मीला उतरतात. डबे आता केंद्रातल्याच झाडांखाली उघडतात, मुलं थाळ्यांकडे धावतात, आणि आजी बाकावर बसते. एवढ्यात नातवंडं कप्पीच्या खुर्चीवर बसवायला तिला ओढून नेतात. विज्ञान उद्यानांत हमखास दिसणारी ही खुर्ची: बसायचं, समोरचा दोर ओढायचा आणि स्वतःला वर उचलायचं. वर-खाली चार पेडांत भार वाटला गेला की जोर पाव लागतो. आजी पदर खोचते, दोर हातात घेते आणि सरावाने ओढते. विहिरीवर जन्म गेलेला असतो तिचा. खुर्ची वीतभर वर येते. ती थांबते, पायाशी पडलेल्या दोराच्या वेटोळ्यांकडे बघते आणि नातवाला विचारते, “अरे, हलकं लागतंय खरं, पण एवढासा वर यायला दोर किती ओढावा लागला बघ. तो का?”