नळीचा सूर

सातारा-सांगलीकडे ज्यांच्या घरात परवान्याची जुनी रायफल आहे, त्यांना ‘तीनशे पंधरा’ हा आकडा सांगावा लागत नाही. भारताबाहेर मात्र ०.३१५ इंची काडतूस क्वचितच दिसतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ०.३०३ सारखी लष्करी मापं इथल्या नागरी बंदुकांना बंद केली. फौजेतून पळवलेली काडतुसं घरातल्या बंदुकीत बसू नयेत, हा त्यामागचा हिशेब. मग ऑस्ट्रियाच्या ८ मिलिमीटर मॅनलिखरच्या धर्तीवर हे शिकारी माप रूढ झालं. पुढे इशापूरच्या कारखान्यानं ते टिकवलं.

पण माप कुठलंही असो, रायफलीकडून अचूकता कशी मिळवायची? बेंचरेस्ट या खेळाचा सगळा खटाटोप याच प्रश्नासाठी आहे. टेबलावर वाळूच्या पिशव्या, त्यांवर रायफल, आणि पाच किंवा दहा गोळ्या शक्य तितक्या एकाच भोकात. गोळ्या मध्यबिंदूला लागल्या की नाही, यापेक्षा त्या एकमेकींच्या किती जवळ पडल्या, हे इथे मोजतात. परदेशातले हे नेमबाज पुंगळी, टोपी, दारू आणि गोळी जुळवून काडतूस स्वतः भरतात. या खेळातलं गाजलेलं ‘६ पीपीसी’ काडतूस १९७५ साली घडवणाऱ्या दोघांपैकी लुई पाल्मिसानो हे रक्तवाहिन्यांचे शल्यविशारद होते. आपल्याकडे परवान्याविना काडतूस बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. दाबाचा अंदाज चुकला तर रायफल हातातच फुटू शकते. पण या जुळवाजुळवीमागचं विज्ञान समजून घ्यायला परवाना लागत नाही.

टोपी पेटली की नळी थरथरते. गोळी बाहेर पडायला काही सहस्रांश सेकंद लागतात आणि तेवढ्यात नळीचं तोंड सूक्ष्मपणे वरखाली होत असतं. गोळी सुटताना तोंड कुठे वळलेलं आहे, यावर बरंच अवलंबून. नळीचं तोंड वर चढत असताना गोळ्या सुटल्या, तर मंद गोळी जरा उशिरा, म्हणजे किंचित उंच दिशेनं निघते आणि वेग कमी असूनही वेगवान गोळीच्या जवळ पडते. ही भरपाई साधणारं काडतूस सापडलं की लोक म्हणतात, नळीला ते ‘मानवलं’.

मला इथे मिरज आठवते. तिथल्या शिकलगार घराण्यांचा मूळ धंदा हत्यारं घडवण्याचा, त्यांना धार लावण्याचा. राज्यं गेली, हत्यारांची मागणी आटली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फरीदसाहेब शिकलगारांनी तंबोऱ्याला हात घातला. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जवारी लावणारा कारागीर घोडीचा माथा हलक्या हातानं घासतो, तारेखालचं सूत केसभर सरकवतो आणि ऐकतो. तार तीच, ताण तोच, पण सूत योग्य जागी आलं की सूर खुलतो. रायफलवाल्याचं कामही याच जातीचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि कागदावरची भोकं वाचायची. फक्त त्याच्याकडे कारागिराचा कान नाही. तीन गोळ्या योगायोगानंही जवळ पडतात. तेवढ्यावर निष्कर्ष काढणारा फसतो.

वारणेपलीकडच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ऑलिंपिक कांस्य जिंकलं. या प्रकारातली ०.२२ इंची काडतुसं पुन्हा भरता येत नाहीत. पेटणारं मिश्रण बुडाच्या कडेत असतं आणि घोड्याच्या घावानं ती कडाच चेपते. त्यामुळे या पातळीवरचे नेमबाज भरण्याऐवजी निवडतात. एकाच कंपनीचे वेगवेगळे लॉट आणायचे, रायफल शिकंज्यात पकडून ते झाडून पाहायचे आणि आपल्या नळीला रुचणारा लॉट साठवायचा.

ही चैन नव्हे. गोळी सेकंदाला साधारण ३२५ मीटर वेगानं सुटते आणि ५० मीटर जाईपर्यंत गुरुत्वाकर्षणानं साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास खाली येते. वेग एका टक्क्यानं घटला तर ती आणखी अडीच मिलिमीटर उतरते. दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात आणि ०.८ मिलिमीटरला एक दशांश जातो. म्हणजे नेम बिनचूक असूनही तीन दशांश गेले. त्यात हवामान वेगळंच. गरम दारू जोरात जळते. महाबळेश्वरच्या थंडीत आणि सांगलीच्या मे महिन्यात एकच काडतूस सारखं वागत नाही.

आणि हाती लागलेला लॉट कधी ना कधी संपतोच. मग नवी खोकी येतात, रायफल पुन्हा शिकंज्यात चढते आणि कोरा कागद ५० मीटरवर लागतो.