क्लाउडला घाम फुटतो तेव्हा

आपले फोटो, असाइनमेंट्स आणि 'एआय'ला रात्री दोन वाजता विचारलेले प्रश्न 'क्लाउड'मध्ये असतात, म्हणजे नेमके कुठे असतात? एका लोखंडी कपाटात! आणि ते कपाट थंड ठेवायला कोडिंगवाले नाही, मेकॅनिकलवाले लागतात.

सबमिशनच्या आदल्या रात्रीची गोष्ट. लॅपटॉप उशीवर ठेवून मी व्हिडिओ एडिट करत होते. रेंडर पन्नास टक्क्यांवर आलं आणि लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायला लागला. खालून हात लावला तर चटका बसला. बाजूला माझा मावसभाऊ मोबाइल बघत पडला होता. मान वर न करताच तो म्हणाला, "अगं, उशीवरून उचल तो. नाक दाबलंयस तू त्याचं."

हा दादा मेकॅनिकल इंजिनीअर. गेल्या वर्षी नवी मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये ट्रेनी म्हणून लागला. कॉम्प्युटरच्या जागी मेकॅनिकलवाल्याचं काय काम, हे आमच्या घरी अजून कुणाला धड कळलेलं नाही. मावशी शेजारी सांगते, "तो तिकडचे एसी बघतो." खरं सांगायचं तर मलाही एवढंच माहीत होतं. मग दोन रविवार त्याला पिडलं, वही-पेन घेऊन बसले आणि हाती लागलं ते हे.

खिडक्या नसलेल्या इमारती

ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या लोकलने तुम्ही कॉलेजला जात असाल, तर ऐरोली-रबाळेच्या पट्ट्यात खिडक्या जवळपास नसलेल्या मोठ्या इमारती पाहिल्या असतील. गच्चीवर यंत्रांच्या रांगा आणि खाली जनरेटर. यातल्या बऱ्याच इमारती डेटा सेंटर्स आहेत. मुंबईत ती का, तर समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या केबल्स वर्सोव्याच्या किनाऱ्यावर जमिनीवर येतात. शिवाय बँका आणि शेअर बाजारही इथेच. पनवेलजवळ २०२० मध्ये सुरू झालेल्या 'योट्टा'च्या एकाच इमारतीची क्षमता ७,२०० रॅकची आहे.

रॅक म्हणजेच ते लोखंडी कपाट. माणसापेक्षा उंच, साधारण दोन मीटर. त्यात सर्व्हर एकावर एक, ड्रॉवरसारखे बसतात. गंमत म्हणजे या कपाटाचं माप कॉम्प्युटरच्या आधीचं आहे. १९ इंच रुंदीची ही चौकट १९२०च्या दशकात अमेरिकेत टेलिफोन एक्स्चेंजमधल्या उपकरणांसाठी ठरली आणि आजतागायत टिकली. उंची 'यू'मध्ये मोजतात. एक यू म्हणजे पावणेदोन इंच, ४४.४५ मिलिमीटर. नेहमीचा रॅक ४२ यूचा.

उभ्या पट्टीवर प्रत्येक यूला तीन भोकं असतात, पण ती सारख्या अंतरावर नसतात. दोन अंतरं १५.९ मिलिमीटरची आणि तिसरं १२.७चं. दादा म्हणतो, "पहिल्या आठवड्यात मी एक भोक चुकलो. दोघांनी वीस किलोचा सर्व्हर हातात धरलाय आणि तो काही केल्या बसेना. तेव्हापासून आधी मोजतो, मग नट लावतो."

गिझरचं कपाट

सर्व्हरला दिलेली वीज शेवटी जाते कुठे? जवळजवळ सगळीच्या सगळी उष्णता होते. दहा किलोवॉटचा एक रॅक म्हणजे एका कपाटात दोन किलोवॉटचे पाच गिझर रात्रंदिवस चालू. ही उष्णता हवेने काढायची आणि हवा बारा अंशांनी तापू द्यायची असं धरलं, तर त्या रॅकमधून सेकंदाला सुमारे ७०० लिटर हवा वाहायला हवी. दोनशे लिटरची साडेतीन पिंपं, दर सेकंदाला! आणि अशा रॅकच्या रांगाच्या रांगा.

ही हवा खेळवणं ही सगळी शीट मेटलची करामत आहे. रॅकची तोंडं समोरासमोर ठेवतात. त्या बोळात थंड हवा सोडतात, तो 'कोल्ड आइल'. पाठींच्या बोळात गरम हवा निघते, तो 'हॉट आइल'. दोन्ही हवा एकमेकींत मिसळू नयेत म्हणून बोळाला दारं आणि छप्पर घालतात. रॅकचं दारही जाळीचं असतं. रॅकमध्ये एखादा यू रिकामा असेल, तर तिथे एक साधी पट्टी लावतात, 'ब्लँकिंग पॅनल'. ती नसेल तर मागची गरम हवा त्या फटीतून पुढे येते आणि सर्व्हर स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा आत घेतो. माझ्या उशीवरच्या लॅपटॉपचं झालं होतं, त्याचाच हा मोठा भाऊ.

एका पट्टीने एवढा काय फरक पडतो? इथे थर्ड इयरला रट्टा मारलेला फॅनचा नियम कामाला येतो. पंख्याचा वेग दुप्पट केला की हवा दुप्पट मिळते, पण वीज आठपट लागते. उलट वेग निम्मा केला की वीज आठव्या हिश्श्यावर. म्हणजे फटी बुजवून पंखे थोडे हळू फिरवता आले, तरी वीजबिलात घसघशीत फरक दिसतो.

हा फरक मोजायचा आकडा म्हणजे 'पीयूई'. इमारतीला लागलेली एकूण वीज भागिले फक्त कॉम्प्युटरला लागलेली वीज. एक आला तर शंभर टक्के वीज कामाला. जगभरातली सरासरी गेली काही वर्षं दीडच्या थोडी वर रेंगाळलीय. म्हणजे कॉम्प्युटर एक युनिट खातो, तेव्हा वर अर्ध्या युनिटाहून जास्त वीज बाकीच्या खटाटोपात जाते आणि त्यातला मोठा वाटा कूलिंगचा असतो.

आणि कूलिंग बंद पडलं तर? १९ जुलै २०२२ ला ब्रिटनमध्ये इतिहासात पहिल्यांदा पारा चाळिशीपार गेला. त्या दिवशी लंडनमधल्या 'गायज अँड सेंट थॉमस' या मोठ्या रुग्णालय-समूहाची डेटा सेंटर्स उष्णतेने कोलमडली. डॉक्टरांना पेशंटच्या जुन्या नोंदी दिसेनात, कागद-पेनावर काम आलं, ऑपरेशन्स पुढे ढकलावी लागली. त्याच दिवशी गुगल क्लाउडच्या लंडनमधल्या सेवेलाही कूलिंगमधल्या बिघाडाचा फटका बसला. तेव्हा 'एसी बघतो' हे वाक्य वाटतं तितकं साधं नाही.

डेटा सेंटरमध्ये खराखुरा ढग

फेसबुकने २०११ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात, प्राइनविल इथे स्वतःचं पहिलं डेटा सेंटर बांधलं. सर्व्हरही स्वतःच डिझाइन केले. दर्शनी पट्टी, लोगो, रंग, असं दिखाऊ सगळं काढून टाकलं. एक यूऐवजी दीड यू उंची घेतली, कारण त्यात ४० मिलिमीटरऐवजी ६० मिलिमीटरचे पंखे मावतात आणि मोठा पंखा हळू फिरूनही तेवढीच हवा देतो. थंडाव्यासाठी चिलर वापरलेच नाहीत. बाहेरची कोरडी हवा घ्यायची, तिच्यावर पाण्याचं तुषार सोडायचं आणि ती आत पाठवायची. जुन्या सेंटर्सच्या तुलनेत ३८ टक्के कमी वीज लागते, असं कंपनीने जाहीर केलं आणि सगळी ड्रॉइंग्ज 'ओपन कम्प्यूट प्रोजेक्ट'खाली जगाला खुली केली. आजही कुणालाही ती बघता येतात. फायनल इयर प्रोजेक्टवाल्यांनी हे वाक्य अधोरेखित करावं.

पण त्याच उन्हाळ्यात तिथे एक विचित्र प्रकार घडला. नियंत्रण यंत्रणेत गडबड झाली आणि हॉट आइलची हवा बाहेर न जाता पुन्हा पुन्हा तुषारांतूनच फिरत राहिली. ती इतकी दमट झाली, की सर्व्हर हॉलमध्ये अक्षरशः ढग तयार झाला आणि सर्व्हरवर पाणी पडलं. काही बंद पडले, काहींचे पॉवर सप्लाय शॉर्ट झाले. फेसबुकचे तेव्हाचे अधिकारी जय पारिख यांनी दोन वर्षांनी हा किस्सा सांगितला. पुढच्या सर्व्हरना पॉवर सप्लायभोवती सील बसवलं गेलं, त्याला त्यांनी नाव दिलं 'रबरी रेनकोट'!

नागपूरचा कूलर मुंबईत चालेल?

प्राइनविलचं तंत्र आपल्याला नवीन नाही. विदर्भात दर उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर हेच करतो. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता ओढून घेतं. पण तोच कूलर जुलैत दादरच्या खोलीत लावा. थंडावा दूरच, अंथरूण ओलं होईल. हवेत आधीच इतका ओलावा असतो, की आणखी पाणी वाफ होत नाही. म्हणून ओरेगॉनचं ड्रॉइंग जसंच्या तसं ऐरोलीत उतरवता येत नाही.

मग चिलर आले, म्हणजे घरच्या एसीचा राक्षसी अवतार. ते पावसाळ्यातही चालतात, पण वीज खातात आणि आपल्याकडची बरीचशी वीज कोळशाची. चिलरला कूलिंग टॉवरची जोड दिली तर वीज वाचते, पण टॉवर पाणी उडवतो. हिशोब आपल्या बारावीच्या फिजिक्सचा आहे. एक मेगावॉट उष्णता पूर्णपणे बाष्पीभवनाने काढायची, तर दिवसाला सुमारे ३५ हजार लिटर पाणी लागतं. दहा हजार लिटरचे साडेतीन टँकर, रोज. आणि मोठी डेटा सेंटर्स कित्येक मेगावॉटची असतात. मे महिन्यात ज्या शहरात सोसायट्यांच्या गेटवर टँकरची वाट बघतात, तिथे हा आकडा फक्त इंजिनीअरचा उरत नाही. पाणी वाचवायचं तर वीज वाढते, वीज वाचवायची तर पाणी. दादाच्या क्षेत्रातलं खरं भांडण हे आहे.

पाणी पाइपातच ठेवा

त्यात आता 'एआय' आलंय. 'एनव्हिडिया'चा ७२ जीपीयूंचा 'जीबी२०० एनव्हीएल७२' हा एकच रॅक सुमारे १२० किलोवॉट घेतो. साठ गिझर! वजन सव्वा टनाहून जास्त. हवेने तो थंड करायचा, तर वरच्याच हिशोबाने त्या दाराएवढ्या तोंडातून ताशी पंचवीस किलोमीटर वेगाचा वारा अखंड वाहावा लागेल. ते परवडणारं नाही. पण तेवढ्याच आकारमानाचं पाणी हवेपेक्षा जवळपास साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं. पाणी दहा अंशांनी तापू दिलं, तर या रॅकला सेकंदाला जेमतेम तीन लिटर प्रवाह पुरतो. आपली पंधरा लिटरची बादली पाच सेकंदांत भरेल, एवढाच.

म्हणून आता चिपच्या डोक्यावरच तांब्याची 'कोल्ड प्लेट' बसते. तिच्या आत केसासारख्या बारीक खाचा, त्यातून पाणी आणि ग्लायकॉलचं मिश्रण वाहतं. सर्व्हर बाहेर ओढला तरी थेंब सांडू नये असे कपलिंग, गळती ओळखणारे सेन्सर, पंप, हीट एक्स्चेंजर. यातलं प्रत्येक डिझाइन कुणा मेकॅनिकलवाल्याच्या टेबलावरून येतं.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की हे पाणी बर्फासारखं गार लागत नाही. जर्मनीत म्युनिकजवळच्या 'सुपरएमयूसी' या महासंगणकाला २०१२ पासून ४५ अंशांपर्यंतचं कोमट पाणी थंड करत होतं. आता विचार करा. ४५ अंशांचं पाणी हवं असेल, तर मुंबईच्या ३६ अंशांच्या दुपारीसुद्धा ते ट्रकसारख्या साध्या रेडिएटरने निवू शकतं. कोल्ड प्लेटपुरता चिलर नको आणि टँकरही नको. पाणी एकदा पाइपात भरलं की तेच फिरत राहतं. अर्थात सगळा प्रश्न सुटत नाही. रॅकमधल्या काही भागांची उष्णता अजून हवेनेच काढावी लागते आणि जुन्या हॉलमध्ये पाइप घालणं सोपं नाही. पण वीज की पाणी या भांडणातून निघायची एक वाट दिसते.

आपल्याकडेही याची सुरुवात झालीय. सी-डॅकने पुण्याच्या 'आयसर'मध्ये बसवलेला 'परम ब्रह्म' हा महासंगणक थेट द्रवाने थंड होतो.

'कोअरमध्ये जॉब नाही' म्हणे

फायनल इयरला असताना दादाने जावाच्या क्लासची फी भरली होती. 'कोअरमध्ये काही नाही' असं वर्गात सगळेच म्हणायचे, म्हणून. क्लास अर्ध्यात सुटला आणि ही नोकरी लागली. ती काही ग्लॅमरस नाही. नाइट शिफ्ट असते, हॉलमध्ये इअरप्लग घालावे लागतात आणि पहिलं वर्ष फिल्टर, व्हॉल्व्ह आणि रीडिंग यातच जातं. तो म्हणतो, "पण थर्मो आणि फ्लुइड मेकॅनिक्स मी पहिल्यांदा समजून वाचतोय, आणि तेही परीक्षा नसताना." कुणी मेकॅनिकलला असाल आणि घरचे कोडिंगकडे ढकलत असतील, तर त्यांना हे पान दाखवा. कोडिंग शिकाच, ते इथेही लागतं. पण हीट ट्रान्स्फरची वही रद्दीत घालू नका.

मावशीला मी हे सगळं वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे एसीच बघतो ना?" दादा हसून म्हणाला, "हो गं, एसीच बघतो."

माझा लॅपटॉप आता दोन जुन्या जर्नल्सवर असतो, मध्ये चार बोटांची फट ठेवून. परवाचं रेंडर आवाज न करता पूर्ण झालं.